गुणाची पोर

१९९१ साली माझी बदली कुरुंद्याच्या शाखेत झाली. वसमत तालुक्यातले हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि ते त्या जिल्ह्यात गेले. नरहर कुरुंदकरांचे आडनाव ज्या गावावरून आले ते गाव, एवढीच माझी त्याच्याशी आधीची ओळख. शाखा एका जुन्या माळवदाच्या वाड्यात होती. पुढच्या सोप्यात बँक आणि मागे घरमालकाचे बिऱ्हाड. दुपारी रोखीचे व्यवहार बंद झाले की मागच्या दाराने घरमालकाची पाच वर्षांची मुलगी आत येई आणि रोखपालाच्या खिडकीखाली बसे.

पैसे काढायला आलेल्या माणसाला त्या काळी नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. त्याला आम्ही टोकन म्हणत असू. दिवसभर हातोहात फिरून आलेली ती टोकने संध्याकाळी एका पेटीत पडलेली असत. ही मुलगी पेटी उपडी करी आणि एकापासून शंभरापर्यंतची टोकने फरशीवर ओळीने मांडी. शाळेत अजून तिचे नाव घातले नव्हते, आकडे तिला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. सत्तावीस नंबरचे टोकन कधीतरी हरवले होते. सव्वीस आणि अठ्ठावीस यांच्यामध्ये ती रोज न चुकता एका टोकनाएवढी जागा मोकळी सोडत असे.

आम्ही सगळे कौतुकाने पाहत राहायचो. मी तिच्या आईला म्हणालो होतो, "वहिनी, तुमची लेक आमच्या खुर्चीवर बसणार एक दिवस." माउली पदर सावरत म्हणाली, "लई गुणाची पोर हाय, साहेब. रडणं नाही, हट्ट नाही. बसवलं तिथं बसती. काही तरास नाही तिचा."

हे वाक्य मी पुढे तीस वर्षे विसरून गेलो होतो. आज ते आठवले की मला अस्वस्थ व्हायला होते. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

दाखवायला आणते का?

माझ्या पुतणीची मुलगी पुण्यात वाढते आहे. बालवाडीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी तिला 'अतिशय शिस्तीची' असा शेरा दिला होता. वर्गात एका जागी बसायची, सांगितलेले ऐकायची, शेजारच्या मुलीने टाळी वाजवली की आपणही वाजवायची. घरी आली की मात्र पलंगाखाली शिरून तास-तासभर बाहेर यायची नाही. मोज्याची शिवण बोटाला लागली म्हणून तिने एकदा सबंध सकाळ रडून काढली. पुतणीने एका डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "मुलगी लाजाळू आहे, होईल ठीक." दुसऱ्यांनी आईलाच सल्ला दिला की, तुम्ही फार काळजी करता. अशी दोन वर्षे गेली. सहाव्या वर्षी एका बालविकासतज्ज्ञ बाईंनी तिला चार बैठकांत तपासले आणि निदान सांगितले. ऑटिझम. मराठीत आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो ती.

त्यातल्या एका बैठकीला मी पुतणीबरोबर गेलो होतो. बाईंनी विचारले, "लहान असताना ती एखादी वस्तू तुम्हाला दाखवायला आणायची का? मागायला नव्हे, उघडून द्या म्हणूनही नव्हे. नुसती दाखवायला. 'आई, बघ' म्हणून?"

पुतणी आठवू लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर कुरुंद्याची फरशी उभी राहिली. तीन वर्षे ती मुलगी रोज शंभर टोकने मांडत होती. एकदाही मान वर करून तिने आमच्याकडे पाहिले नव्हते. एकदाही "बघा" म्हणाली नव्हती. आई हाक मारी तेव्हा ती हलत नसे. खांद्याला हात लावला की दचके. अंगणात हळदीला पॉलिश करणारे पिंप फिरू लागले की कानांवर हात ठेवून माळवदावर जाऊन बसे. हे सगळे आम्ही पाहिले होते, पण आमच्या मनात त्याची बेरीज झाली नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ती मुलगी स्वमग्न होती असा निकाल मी देत नाही. मी डॉक्टर नाही. आणि तिला कोणा डॉक्टरने त्या दृष्टीने कधी तपासलेच नाही. खरे दुःख आहे ते हेच. (तिची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत.)

मुलग्यांच्या मापाचा अंगरखा

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि 'ऑटिझम' हा शब्द मुलांच्या एका वेगळ्या जडणघडणीला चिकटला. त्या अकरांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी अशाच काही मुलांविषयी लिहिले, तेही मुलग्यांविषयी. सोव्हिएत रशियात ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी या दोघांच्याही आधी, १९२५ च्या सुमारास अशा मुलांची बारकाईने वर्णने केली होती आणि पुढे मुलींवरही लिहिले होते. पण जगाचे लक्ष त्यांच्याकडे फार उशिरा गेले.

अशा रीतीने अंगरखा बेतला गेला तो मुलग्यांच्या मापाने. प्रश्नावल्या, लक्षणांच्या याद्या, डॉक्टरांच्या मनातले चित्र, सगळे मुलग्यांवरून तयार झाले. वर्षानुवर्षे सांगितले गेले की चार मुलग्यांमागे एक मुलगी. २०१७ साली जगभरातल्या अनेक पाहण्या एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा हे प्रमाण तीनास एकच्या जवळ आले. आणि निदानाच्या वेळी मुली निसटत असाव्यात असाच त्याचा अर्थ लावला गेला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आठ वर्षांच्या दर ३१ मुलांत एकाला ऑटिझम आढळला. मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या ३.४ पट होते. पूर्वीच्या पाहण्यांत हेच प्रमाण चार पटींहूनही अधिक असे. अंतर कमी होत आहे ते मुली एकाएकी बदलल्या म्हणून नव्हे. पाहणाऱ्यांची नजर थोडी बदलली आहे.

मुली निसटतात कशा? अमेरिकेतल्या काही संशोधकांनी शाळेच्या मैदानावर उभे राहून हे पाहिले आणि २०१७ साली लिहिले. स्वमग्न मुलगा मैदानात एकटा फिरताना दिसतो. लांबून पाहणाऱ्या मास्तरांनाही ते समजते. स्वमग्न मुलगी इतर मुलींच्या घोळक्याच्या जवळ असते. त्यात शिरते, बाहेर पडते, पुन्हा शिरते. लांबून वाटते की खेळते आहे. जवळ जाऊन पाहिले तर कळते की खेळ तिच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. इंग्लंडमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात दिसले की लक्षणे तेवढीच असली तरी मुलीचे निदान होण्यासाठी सोबत बुद्धीची किंवा वागणुकीची आणखी काही ठळक अडचण असावी लागते. म्हणजे तिने त्रास दिला, तरच तिच्याकडे पाहिले जाते.

बँकेतला माणूस म्हणून मला हे चटकन समजले. थकबाकीदाराची फाईल रोज टेबलावर येते. हप्ते वेळेवर भरणाऱ्याची फाईल कोणी उघडत नाही. तो ते हप्ते काय विकून भरतो आहे, हे कोणी विचारत नाही.

म्हणूनच 'स्वमग्न' हा शब्द मला मुलींच्या बाबतीत अपुरा वाटतो. यांतल्या कितीतरी मुली स्वतःत मग्न नसतातच. त्या डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांकडे पाहत असतात. मैत्रीण कधी हसते, कसे बोलते, रुमाल कसा धरते हे टिपून घेऊन त्याची नक्कल करतात. इतरांना जे आपोआप येते ते या पाठ करून करतात आणि संध्याकाळी थकून कोसळतात. पाहुण्यांसमोरची शहाणी मुलगी घरात आल्यावर का आक्रस्ताळी होते, याचे उत्तर पुष्कळदा या थकव्यात असते.

घरात काय पाहावे?

लहान वयातली काही चिन्हे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखीच लागू आहेत. साधारण नऊ महिन्यांचे बाळ आपल्या नावाच्या हाकेला वळून पाहते. वर्षाचे झाले की टाटा करते, 'नाही' म्हणून मान हलवते, कडेवर घ्या म्हणून हात वर करते. सव्वा वर्षाच्या आगेमागे आवडलेली वस्तू आणून दाखवते. दीड वर्षाचे झाले की चांदोबाकडे, कावळ्याकडे बोट दाखवते आणि तुम्ही पाहिले का, हे तुमच्या तोंडाकडे बघून तपासते. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलू लागते. यांतले बरेचसे होत नसेल, तर डॉक्टरांना विचारावे. आणि बोलू लागलेले मूल शब्द गमावू लागले, तर ते कोणत्याही वयात तातडीने दाखवावे.

मुलींच्या बाबतीत यापुढे जाऊन थोडे बारकाईने पाहावे लागते.

भातुकली घ्या. मुलगी भातुकली खेळते म्हणजे सगळे ठीक, असे आपण समजतो. पण ती खेळते म्हणजे काय करते? बोळकी, चूल, पाट नेमक्या जागी मांडते, पुन्हा काढते, पुन्हा तशीच मांडते. की बाहुलीला ताप येतो, तिची सासू येते, भात करपतो? मांडणी आहे पण गोष्ट नाही, असे रोजच दिसत असेल तर ते लक्षात ठेवावे.

मैत्रीण घ्या. एकाच मुलीचा हात धरून शाळेत जाणे, तिच्याशिवाय कोणाशी न बोलणे, ती गैरहजर असली की शाळेला जायला नकार देणे. कुरुंद्याच्या मुलीला अशी एक मैत्रीण होती. तिच्या फ्रॉकचे टोक धरूनच ही वर्गात जाई. मी बदली होऊन गेल्यानंतर मैत्रिणीच्या वडिलांनी गाव सोडले, तेव्हा ही पाचवीत होती. त्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. घरच्यांनी समजावले, मारले, देवदेव केले, अंगारे-धुपारे केले. पोर दारात बसून राहिली. कोणाला वाटले बाहेरचे काही झाले असावे, कोणाला वाटले आळशी झाली. तिचा सबंध दिवस ज्या एका टेकूवर उभा होता तो टेकू निघाला आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आवडीनिवडी घ्या. मुलग्याला रेल्वेच्या वेळापत्रकाचे वेड असले तर ते चमत्कारिक वाटते. मुलीला मांजरांचे, टिकल्यांचे किंवा एखाद्या मालिकेचे वेड असले तर कोणाला काही वाटत नाही, कारण ते चारचौघींसारखेच असते. विषय कोणता, यापेक्षा त्या आवडीची धार किती, हे पाहायचे. दुसरे काही बोलताच येत नाही, कोणी मध्ये बोलले तर सोसत नाही, अशी ती आहे का?

बोलणे घ्या. पुष्कळ मुली वेळेवर बोलतात, पुस्तकातल्यासारखे शुद्ध बोलतात, सबंध जाहिराती आणि संवाद म्हणून दाखवतात. पण तुम्ही म्हणालात, "आज मला कंटाळा आला बाई," तर तिच्याकडून "का गं?" येते का? बोलणे आणि संभाषण या दोन गोष्टी आहेत.

शेवटी कान, त्वचा आणि जीभ. लग्नातला बँड, मिक्सर, शाळेची घंटा असह्य होणे. नव्या कपड्याची पट्टी टोचणे. ठरावीक दोन-तीन पदार्थांपलीकडे काही न खाणे. रोजचा रस्ता बदलला तर कोलमडणे. आपण याला नखरे म्हणतो. मुलीच्या जातीला नखरे शोभत नाहीत असेही वर सुनावतो.

यांतले एखादे चिन्ह दिसले म्हणून कोणी घाबरू नये. लाजाळू मूल सवय झाली की खुलते, ओळखीच्या माणसाजवळ डोळ्यांनी बोलते. हाकेला ओ देत नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत. एकेका चिन्हाला अर्थ नसतो. चिन्हांची बेरीज, आणि ती घरी, शाळेत, पाहुण्यांत टिकते का, याला अर्थ असतो. आणि निदान करायचे ते तपासणाऱ्यानेच. शेजारणीने नव्हे आणि वर्तमानपत्रातला लेख वाचून तर नव्हेच.

दार कोणते ठोठवायचे?

१९९१ साली कुरुंद्याच्या त्या आईला विचारायला जागा नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातही ऑटिझमचे नाव नव्हते. ते पहिल्यांदा आले १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगतांत त्याचा स्पष्ट समावेश केला. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी आपल्याच देशात तयार झाली आहे. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक ठरले तर सहा ते अठरा वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे.

खेड्यातल्या घराला सगळ्यात जवळचे दार अंगणवाडीचे. लसीकरणाच्या नोंदीचे जे माता-बाल संरक्षण कार्ड घरात असते, त्यावरच वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. लस टोचून झाली की आपण ते कार्ड ट्रंकेत ठेवून देतो. ते वाचायचे असते. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. विकासातला विलंब ओळखणे हे त्यांचे कामच आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. पथक आले की "आमच्या मुलीचं काही नाही" असे म्हणण्याऐवजी आपल्या मनातली शंका बोलून दाखवावी. आईच्या शंकेला पुरावा लागत नाही.

लवकर कळून काय होते? ऑटिझम 'बरा' करणारे औषध नाही. तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावे. पण भाषेचे, खेळाचे, रोजच्या कामांचे शिक्षण लहानपणीच मिळाले तर मुलीचे आयुष्य सोपे होते. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाई साडेतीन-चार वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. आई आणि शिक्षकांनी चिकाटी धरली. पुढे त्या पशुशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. प्रत्येक मुलगी प्राध्यापक होणार नाही, व्हायचे कारणही नाही. पण आपल्याला गोंगाट का सोसत नाही हे समजलेली मुलगी स्वतःला वेडी समजत नाही, एवढे तरी होते. न ओळखलेल्या मुली मोठेपणी चिंतेच्या, नैराश्याच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात, तेव्हा मुळापर्यंत जायला फार उशीर झालेला असतो.

आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. 'मोठ्यांचे ऐकायचे' एवढाच धडा गिरवलेली, समोरच्याच्या मनातले न ओळखणारी मुलगी वाईट माणसासमोर निराधार असते. तिला 'नाही' म्हणायला शिकवावे लागते. आपण मात्र तिला नेमके उलटे शिकवत असतो आणि त्यालाच गुण म्हणतो.

पालकांना धास्ती असते ती शिक्का बसण्याची. "उद्या लग्नाचं काय?" हा प्रश्न मुलीच्याच बाबतीत आधी येतो. आणि दोष जातो आईकडे. एके काळी विद्वानांनीही आईच्या थंड वागण्याला दोष दिला होता; ते मत केव्हाच टाकून दिले गेले. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा निबंध २०१० साली त्या नियतकालिकानेच मागे घेतला. यात जनुकांचा वाटा मोठा आहे, आईच्या मायेत काही कमी नसते.

मोकळी जागा

गेल्या वर्षी मार्चमध्ये नांदेडला एका लग्नाला गेलो होतो. येताना गाडी कुरुंद्याला वळवली. हळदीचा हंगाम होता. गावभर शिजवलेल्या हळदीचा वास. बँक कधीच नव्या जागेत गेली होती. वाड्याच्या अंगणात ती बसली होती, चाळिशीला टेकलेली. पुढ्यात वाळलेली हळद. हळकुंडे एकीकडे, गड्डे एकीकडे, मोडलेले तुकडे तिसरीकडे.

आई आता थकली आहे. म्हणाली, "हिच्यासारखी निवड गावात कुणाला येत नाही, साहेब. पर माझ्यामागं हिला कोण बघंल?" मी तिला तालुक्याच्या दवाखान्याचे, प्रमाणपत्राचे सांगितले. धाकट्या भावाने कागदावर लिहून घेतले आणि पुढच्या आठवड्यात नेतो म्हणाला. चाळीस वर्षे उशिरा का होईना.

निघताना मी तिच्यासमोर बसलो आणि विचारले, "मला ओळखलंस का?" तिने मान वर केली नाही. हातातले हळकुंड ढिगावर ठेवले आणि म्हणाली, "सत्तावीस नंबर सापडला का?"

सापडला नाही, बाई. तो आम्ही कोणी शोधलाच नव्हता. जागा मोकळी आहे हे रोज दिसत होते तुला एकटीलाच.

आपल्या घरात, शेजारी, वर्गातल्या शेवटच्या बाकावर अशी एखादी गुणाची पोर असेल. तिचे कौतुक जरूर करा. पण एकदा तिच्याशेजारी खाली बसा, ती काय मांडते आहे ते पाहा, आणि ते तुम्हाला दाखवावेसे तिला वाटते का, याची थोडी वाट पाहा.